सिन काराच्या पडण्यावर हसणाऱ्या मराठी डब्ल्यूडब्ल्यूई चाहत्यांना खुलं पत्र

प्रिय मित्रांनो,

स. न. वि. वि.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या आपल्या मराठी ग्रुपांवर दर काही महिन्यांनी एक क्लिप नव्याने फिरायला लागते. निळ्या-सोनेरी मुखवट्यातला सिन कारा नावाचा पैलवान पळत येतो, रिंगबाहेर ठेवलेल्या छोट्या ट्रॅम्पोलिनवर पाय देऊन वरच्या दोरावरून आत झेपावतो आणि उडी फसते. मग त्याच्याच दुसऱ्या मॅचमधली हुकलेली एखादी चाल, मग तिसरी, आणि खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणी त्याला रे मिस्टेरिओ या मुखवटेवाल्या स्टारची नक्कल म्हणतं, तर कुणी विचारतं की याला मुळात घेतलंच कशाला.

कशाला घेतलं, ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे. रेसलिंग ऑब्झर्व्हर हे या क्षेत्रातलं जुनं आणि मानाचं पत्रक दरवर्षी सर्वोत्तम रेसलर निवडतं. २००७ साली तो मान जॉन सीनाला मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००६ साली, तो मिळाला होता मेक्सिकोतल्या मिस्तिको नावाच्या मुखवटेवाल्याला. सर्वांत जास्त प्रेक्षक खेचणारा रेसलर म्हणूनही त्या वर्षी त्याचीच निवड झाली होती. पाच वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूईने त्याच माणसाला नवा मुखवटा आणि नवं नाव दिलं. तुमच्या क्लिपमधला सिन कारा तो हाच.

त्याचं जन्मनाव इंटरनेटवर सगळीकडे छापलेलं आहे. मी ते इथे लिहिणार नाही. मेक्सिकोत मुखवटा घालून लढणाऱ्याचं खरं नाव त्याने मुखवटा हरल्याशिवाय उच्चारायचं नसतं, आणि हा गडी अजून हरलेला नाही.

मेक्सिको सिटीतल्या कोलोनिया दोक्तोरेस या वस्तीत अरेना मेहिको नावाची १९५६ साली उघडलेली बंदिस्त इमारत आहे. सोळा हजारांहून जास्त माणसं तिच्यात बसतात, आणि तिथले लोक तिला लुचा लिब्रेचं, म्हणजे मेक्सिकन रेसलिंगचं, कॅथेड्रल म्हणतात. ती चालवणारी सीएमएलएल ही संस्था साल्वादोर लुतेरोत यांनी १९३३ मध्ये सुरू केली. आज चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी रेसलिंग संस्था हीच. दर शुक्रवारी रात्री इथे कुस्त्या होतात. आजोबा, मुलगा आणि नातू एका रांगेत बसून ओरडतात. चांगल्या बाजूचे ते तेक्निको आणि धटिंगण ते रुदो, अशी सरळ वाटणी असते, आणि रुदोंच्या बाजूने घसा फोडणारी घराणीही असतात.

१८ जून २००४ रोजी या रिंगमध्ये चांदी-सोन्याच्या रंगाचा मुखवटा घालून एक बुटका, चपळ पोरगा उतरला. तोवर त्याने आणखी दोन-तीन नावांनी छोट्या रिंगणांत दिवस काढले होते. वडील डॉक्टर कारोंते या नावाने लढायचे, भाऊही याच धंद्यातले. म्हणजे घर रेसलिंगचंच. पण मिस्तिकोसाठी संस्थेने वेगळी कथा रचली. हा अनाथ आहे आणि फ्राय तोर्मेंताने त्याला वाढवलंय, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं.

फ्राय तोर्मेंताबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण तो कुणी लेखकाने कल्पिलेला माणूस नव्हे. तो खरोखरीचा कॅथलिक पाद्री. अनाथ मुलांचा आश्रम चालवायला पैसे नव्हते, म्हणून त्याने पिवळा-लाल मुखवटा चढवला आणि वर्षानुवर्षं रिंगमध्ये मार खाऊन मुलांना जेवू घातलं. आपण कोण हे त्याने सुरुवातीला लपवून ठेवलं होतं. मेक्सिकोत हा माणूस घराघरांत माहीत आहे. त्याचा मानलेला मुलगा म्हणून मिस्तिको उतरला तेव्हा लोकांनी कथा कथा म्हणूनच घेतली आणि तरीही मनापासून त्याच्या बाजूने उभे राहिले. आईबापांनी पोरांना तो मुखवटा विकत घेऊन दिला. चांदी-सोन्याचा राजकुमार हे बिरुद त्याला चिकटलं ते अजून सुटलेलं नाही.

तो काय करायचा, हे शब्दांत मांडणं अवघड आहे. पण त्याची एक पकड सांगतो, तिला त्याच्याच नावावरून ला मिस्तिका म्हणतात. प्रतिस्पर्धी त्याला उचलून फिरवायला जातो, हा त्याच्या अंगाभोवती वाऱ्यासारखा गरगर फिरतो, डोक्याला पायांची कात्री घालतो आणि दोघे खाली येतात तेव्हा समोरच्याचा हात याच्या कुलपात अडकलेला असतो. दोन-तीन सेकंदांचा खेळ. २००५-०६ मधल्या शुक्रवारी ही पकड बसली की अख्खं अरेना उभं राहायचं. त्या वर्षांत तिकीट-खिडक्या बंद होईपर्यंत गर्दी खेचणारा माणूस हा होता.

आता २९ सप्टेंबर २००६ ची रात्र. सीएमएलएलचा ७३वा वर्धापनदिन, आणि मिस्तिको विरुद्ध ब्लॅक वॉरियर, मुखवट्याविरुद्ध मुखवटा. डब्ल्यूडब्ल्यूईच्या विजेतेपदाच्या पट्ट्यांवर वाढलेल्या आपल्याला याचं वजन चटकन कळत नाही. पट्टा आज गेला तर पुढच्या महिन्यात परत मिळतो. मुखवटा हरलेल्या माणसाने तिथेच, सगळ्यांसमोर तो उतरवायचा, आपलं खरं नाव सांगायचं, गाव सांगायचं, किती वर्षं लढतोय ते सांगायचं. पुन्हा तो मुखवटा चढवायचा नाही. त्या रात्री मिस्तिको जिंकला आणि ब्लॅक वॉरियरने चेहरा दाखवला.

मुखवट्याची ही रीत देवळातल्या रीतींइतकी जुनी नाही. १९३० च्या दशकात मेक्सिकोत लढणाऱ्या एका अमेरिकन पैलवानाला मुखवटा हवा होता. तो अंतोनियो मार्तीनेस या चांभाराकडे गेला आणि मार्तीनेसने चामड्याचा मुखवटा शिवून दिला. पुढे त्या घराचा हाच धंदा झाला. १९४२ साली एल सांतो आला, रुपेरी मुखवट्याचा, आणि मुखवटा हा माणसाचा दुसरा चेहरा झाला. सांतोने चाळीस वर्षं तो घातला. १९८४ च्या जानेवारीत टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्याने तो थोडासा वर करून चेहरा दाखवला, त्यानंतर काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, हृदयविकाराने गेला. त्याला मुखवट्यासहित पुरलं. आपण ज्या माणसाला हसतोय तो या परंपरेतला आहे, आणि २००६ साली त्या परंपरेतला सगळ्यात लाडका होता.

मग डब्ल्यूडब्ल्यूईत असं का झालं? हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो रास्त आहे. त्या काळातल्या त्याच्या बऱ्याच मॅच खरंच वाईट झाल्या. हुकलेल्या उड्या हुकलेल्याच होत्या. २०११ च्या जुलैत कंपनीच्या वेलनेस पॉलिसीखाली, म्हणजे औषधचाचणीच्या नियमांखाली, त्याला ३० दिवसांचं निलंबनही झालं. यातलं काहीच मी झाकत नाही. पण तो एप्रिल २०११ मध्ये आला, रेसलमेनिया या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक सोहळ्याच्या दुसऱ्याच रात्री थेट रॉ या साप्ताहिक कार्यक्रमात, शेमस या पैलवानाच्या तावडीतून डॅनियल ब्रायनला सोडवायला. तिथली पद्धत शिकायला त्याला सवडच मिळाली नाही. ती पद्धत किती वेगळी आहे, ते नीट पाहा.

मेक्सिकोत डाव आणि पकडी बहुतेक उजव्या हातावर, उजव्या पायावर लावतात. अमेरिकेत डाव्या. म्हणजे याने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत अंगात मुरवलेलं सगळं समोरच्या माणसाच्या दृष्टीने उलट्या बाजूचं. उडीत असताना समोरचा झेलायला डावीकडे उभा आणि हा उजवीकडून येतोय, तर पुढे काय होणार? मेक्सिकोत बहुतेक मॅच तिघा-तिघांच्या, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. साथीदार रिंगबाहेर गेला की हाताला हात न लावताच दुसरा आत येतो. म्हणून हवेत लढणारा माणूस तीस सेकंद जीव तोडून उडतो, बाहेर पडतो, दम घेतो, पुन्हा येतो. अमेरिकेत एकेकट्याची मॅच, जाहिरातींची वेळ ठरलेली, आणि समोर शेमससारखा भक्कम गडी, ज्याला अशा उड्यांच्या हाताळणीची सवय नाही. सूचना इंग्रजीत, आणि याचं इंग्रजी तोकडं. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला एकदम गादीवर उभं केलं तर पहिले काही महिने त्याचे पाय चुकतात, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय त्याच्या मॅचच्या वेळी कंपनी सगळे दिवे मंद करून निळसर-सोनेरी उजेड पाडायची. दिसायला छान. पण मुखवट्याच्या जाळीतून बघत दोरावरून झेप घेणाऱ्या माणसासाठी तो उजेड कोणी ठरवला असेल, याचा मला आजही राग येतो.

रे मिस्टेरिओचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. रे मलाही प्रिय आहे. पण रे कॅलिफोर्नियात वाढलेला, इंग्रजी त्याच्या घरची. १९९२ मध्ये मेक्सिकोतली ट्रिपल ए ही संस्था, मग १९९५ मध्ये ईसीडब्ल्यू आणि १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपन्या, आणि मग २००२ साली डब्ल्यूडब्ल्यूई. अमेरिकन पद्धत शिकायला त्याला सात वर्षं मिळाली, तीही डीन मॅलेन्को, एडी गेरेरो अशा कसलेल्या पैलवानांबरोबर. दोघांना एका फूटपट्टीने मोजणं अन्यायाचं आहे.

आता तुमच्या क्लिपांविषयी एक गोष्ट सांगतो, तिच्यासाठी तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. त्यातल्या सगळ्याच क्लिपांमध्ये तो नाही.

निलंबनाच्या काळात डब्ल्यूडब्ल्यूईने तो मुखवटा दुसऱ्या पैलवानाच्या डोक्यावर चढवला आणि काही आठवडे टीव्हीवर कुणाला सांगितलंच नाही. तो दुसरा म्हणजे हुनिको. मूळचा परतल्यावर निळा, म्हणजे मूळचा, सिन कारा आणि काळा सिन कारा अशी भांडणाची कथा केली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या स्मॅकडाउन या साप्ताहिक कार्यक्रमात मुखवट्याविरुद्ध मुखवटा लढत लावली आणि निळा जिंकला. आपल्याच घरच्या प्रेक्षकांसमोर स्वतःचं उसनं नाव परत जिंकायची वेळ या माणसावर आली. महिनाभराने, २० नोव्हेंबरला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्व्हायव्हर सिरीज या मोठ्या कार्यक्रमात रिंगबाहेर झेप घेताना त्याच्या उजव्या गुडघ्याची शीर तुटली. अर्धं वर्ष गेलं. २०१२ च्या मध्यावर तो परतला, रे मिस्टेरिओबरोबर जोडीने लढला, पुन्हा दुखापती झाल्या. २०१३ च्या अखेरीस कंपनीने सिन काराचा मुखवटा कायमचा हुनिकोकडे दिला, आणि पुढे २०१९ पर्यंत तुम्ही पाहिलेला सिन कारा हुनिको होता. हुनिको स्वतः चांगला, कष्टाळू पैलवान. त्याच्या वाट्यालाही आयुष्यातली उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या चेहऱ्याआड आली, आणि त्याचीही थट्टाच झाली. त्याच्या चुका पहिल्याच्या नावावर, पहिल्याच्या त्याच्या नावावर.

तिकडे घरी काय झालं होतं? मूळचा मिस्तिको अमेरिकेला गेल्यावर सीएमएलएलने मिस्तिको हे नाव आणि तो मुखवटा २०१२ मध्ये दुसऱ्या तरुणाला दिला. नाव संस्थेच्या मालकीचं, त्यामुळे कायद्याने त्यात गैर काही नव्हतं. तो तरुण म्हणजे रुश आणि ड्रॅगन ली या पैलवानांचा भाऊ, तोही उत्तम उडणारा. नऊ वर्षं तो मिस्तिको होता.

मूळचा मेक्सिकोत परतला तेव्हा त्याला स्वतःचं नाव वापरता येईना. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ट्रिपल एच्या ट्रिपलमेनिया या मोठ्या कार्यक्रमात तो मिस्तेसिस या नावाने उतरला. तिथून निघून पुन्हा सीएमएलएलला आला तर मिस्तिको तिथे हजर होताच, म्हणून याला कारिस्तिको असं आणखी एक नाव. इकडे ट्रिपल एने पुढे मिस्तेसिस ज्युनियर उभा केला. हिशेब मांडा: मिस्तिको, सिन कारा, मिस्तेसिस. या एका माणसाने घडवलेले किंवा पेललेले तीन चेहरे तीन वेगळ्या कंपन्यांनी तीन वेगळ्या माणसांना घालायला दिले. प्रत्येक कंपनीला वाटलं की गर्दी मुखवट्याला येते, आत कुणीही चालेल. पण २००६ ची गर्दी त्यांतल्या कुणाच्याही वाट्याला आली नाही, आणि ते दुसरे तिघे कमी होते असं मुळीच नाही. अरेना मेहिकोतला प्रेक्षक चालण्यावरून, दोरावर पाय ठेवण्याच्या लकबीवरून माणूस ओळखतो. कारिस्तिको नावाने तो तिथे उभा राहिला तेव्हा लोकांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

२०२१ मध्ये दुसरा मिस्तिको सीएमएलएल सोडून द्रालिस्तिको झाला, आणि दहा वर्षांनी मूळच्या माणसाला त्याचं नाव परत मिळालं. तेव्हा तो अडतिशीत होता, गुडघा एकदा उघडून शिवलेला. या वयात उडणारे पैलवान जमिनीवरचा खेळ सुरू करतात. हा उडतच राहिला. २०२३ मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकन कंपनीत जाऊन लढला, आणि ज्या अमेरिकन प्रेक्षकाने कधी त्याची टिंगल केली होती त्याच देशात त्याचं स्वागत झालं. २०२५ च्या वर्धापनदिनी अरेना मेहिकोत त्याने एमजेएफ या अमेरिकन पैलवानासमोर मुखवटा पणाला लावला आणि तो राखला. चाळिशी ओलांडलेला माणूस, एकवीस वर्षांपूर्वी ज्या रिंगमध्ये उतरला त्याच रिंगमध्ये, तोच चांदी-सोन्याचा मुखवटा. इतकं सगळं झाल्यावर कुणाही रेसलरची कारकीर्द सांगताना ट्रॅम्पोलिनवरची दोन सेकंदं सांगावीत का?

तुमच्यातले काही म्हणतील की हे सगळं ठरवूनच असतं, मग एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं. निकाल ठरलेला असतो, ते खरंच आहे. खाली पडणं मात्र ठरवून सौम्य करता येत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मॉन्तेर्रेत ला पार्का या मुखवटेवाल्याने रिंगमधून बाहेर झेप घेतली. ती चुकली. त्याच झेपेला स्पॅनिशमध्ये टोपे म्हणतात, आणि तुमच्या काही क्लिपांमध्ये तीच असते. त्याच्या मानेला आणि मणक्याला इजा झाली. जवळजवळ तीन महिने झुंजून जानेवारी २०२० मध्ये तो गेला. २०१५ मध्ये तिहुआनात पेर्रो आग्वायो ज्युनियर हा पैलवान रिंगमधल्या इजेने गेला, समोर रे मिस्टेरिओ होता. फसलेली उडी पाहून हसू येतं तेव्हा त्या माणसाला पुढची दोन सेकंदं कशी गेली असतील, याचा विचार करा एवढंच माझं मागणं आहे.

हे पत्र आत्ता लिहायचं कारणही सांगतो. २०२५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ट्रिपल ए विकत घेतली. त्याच वर्षापासून आपल्याकडे डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर दिसतं. म्हणजे पुढच्या काही वर्षांत मुखवटे घातलेले कितीतरी मेक्सिकन पैलवान आपल्या पडद्यावर येणार आहेत. त्यांतले काही पहिल्या महिन्यात चुकतील, उजव्या-डाव्यात गोंधळतील, इंग्रजी मुलाखतीत अडखळतील. आणि आपल्या ग्रुपांवर त्यांच्या क्लिपा कापायला बसलेले हात तयार आहेत. हे मला बघवत नाही. आपल्याच मातीतले पैलवान परदेशी मॅटवर पहिल्यांदा गेले की आपण त्यांना सवड देतो, त्यांच्यासाठी भांडतो. तीच सवड यांना द्या.

ग्रुपांच्या अ‍ॅडमिनांना वेगळी विनंती. सिन काराची क्लिप कुणी टाकली तर ती उडवू नका, तिच्याखाली एवढंच लिहा की हा मिस्तिको की हुनिको, आणि कोणत्या साली. ज्याला हसायचंय त्याला आपण कुणाला हसतोय हे तरी ठाऊक असू दे.

आणि बाकीच्यांनी एक मॅच बघा, २९ सप्टेंबर २००६, मिस्तिको विरुद्ध ब्लॅक वॉरियर. स्पॅनिश कळत नसेल तरी चालेल. ती आवडली तर अरेना मेहिकोतल्या शुक्रवारच्या कुस्त्या तिथल्या रात्री साडेआठला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी आठ वाजता. सुट्टीचा दिवस असतो. मी त्या वेळी ग्रुपवर असतोच, कोण कोणत्या बाजूचा आणि कोणती पकड कशी लागली हे सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही.

आपला,
लुचा लिब्रेचा एक मराठी चाहता